छपरावर न गेलेला दात

(जपानमधल्या कोबे शहरातलं एक घर. भाताच्या कुकरची धून वाजते.)

शिओरी : भात झाला. कोनात्सुला हाक मार ना.

कात्सुया : आंघोळीला गेलीय ती. तू बस आधी. तुमच्या मूलपेशी संशोधकांच्या मंडळातून फोन आला होता.

शिओरी : घरी? मला का नाही केला?

कात्सुया : माझ्याशीच बोलायचं होतं म्हणे. मोरिवाकीबाई. इतकं गोड बोलत होत्या, मला वाटलं विमाच गळ्यात मारतायत.

शिओरी : संशोधनाच्या पाठ्यवृत्तीचं काही म्हणाल्या?

कात्सुया : तुलाच द्यायचं जवळपास ठरलंय.

शिओरी : खरंच? अरे, मार्चला माझी नोकरी संपतेय, आणि तू असं तोंड करून काय बसलायस!

कात्सुया : पुढचं ऐक. "आई स्वतःच संशोधक आहे, म्हणून मुलीचा दात घेण्याला वडिलांचा होकार तुमच्याच तोंडून हवाय." मी म्हटलं, उद्या कळवतो. कुठला दात, शिओरी?

शिओरी : ...खालचा. पहिला.

कात्सुया : तो तर आम्ही बापलेकींनी नवा दात चांगला यावा म्हणून सायकलींच्या शेडच्या छपरावर फेकला! कापसात गुंडाळून तूच दिला होतास.

शिओरी : कुंडीतला खडा होता तो.

कात्सुया : आणि वर टाळ्या वाजवल्यास! आणखी काय काय नेलंयस घरातून?

शिओरी : काही नाही. कपाटातल्या पेटीत जन्मापासून जपलेली तिची नाळसुद्धा आहे तशीच आहे. उघडून बघ.

कात्सुया : बघितली. फोन ठेवल्या ठेवल्या.

शिओरी : इतका संशय?

कात्सुया : आजपासून.

शिओरी : प्रयोगशाळेत बाहेरून येणारे दात वाळलेले असतात रे, आतल्या पेशी मेलेल्या. हिचा माझ्या तळहातावर पडला, ओला, कोमट. पेशी जगाव्यात म्हणून दुधात बुडवला आणि प्रयोगशाळेकडे धावत सुटले. आता तिथे काचेच्या बशीत वाढताहेत तिच्या पेशी. रविवारीसुद्धा जाऊन त्यांचं खाणं बदलते मी.

कात्सुया : म्हणजे रविवारी तू या लेकीला सोडून त्या लेकीला भरवायला जातेस!

शिओरी : असं नको ना बोलूस. उद्या हो म्हणशील?

कात्सुया : म्हणेन. पण मंडळाला मुलीचाही होकार हवाय. तिला कळेल अशा शब्दांत सांगायचं म्हणे.

कोनात्सु : (आंघोळ करून येत) मला काय सांगायचं?

कात्सुया : केस पूस आधी. आई सांगेल.

शिओरी : कोनात्सु, तुझा दात ना... छपरावर नाही गेला. आईनं प्रयोगशाळेत नेला. आजारी मुलांसाठी औषध शोधायला.

कोनात्सु : मग बाबांनी काय फेकलं?

कात्सुया : खडा. मलाही आजच कळलं.

कोनात्सु : बाबांनापण फसवलंस? मला विचारायचं ना!

शिओरी : भीती वाटली गं. तू नाही म्हणाली असतीस तर?

कोनात्सु : नाही म्हणाले असते, तर नसता नेलास?