पावडर सैल भर

हॅलो?… हो काकू, मीच. लॅबमधूनच बोलतेय… आत्ताच थांबलं मशीन. सर कसे आहेत?… अच्छा… आज-उद्या म्हणाले डॉक्टर?… काकू, रडू नका हो…

काय विचारतायत?… हो, आला आलेख. सरांच्या त्या मॉलिब्डेनमच्या संयुगाचाच. बारा वर्षांपूर्वीच्या त्याच बाटलीतली पावडर, पुन्हा एक्स-रेखाली घातली… बरोबर निघालं का?… अहो, जरा ऐका ना… नाही, तसं नाही… तुम्ही म्हणता नुसतं 'हो' म्हणून टाक, पण सरांशी खोटं?… बरं. बरं, धरा त्यांच्या कानाशी.

सर… मी बोलतेय… हो, समोरच आहे आलेख… काय?… जरा मोठ्यानं, सर… "दाबलीस का?"…

नाही सर. या वेळी नाही दाबली. तुम्ही सांगायचात तशी सैल भरली… हो. आली. दोन्ही टोकं आली… बारीक आहेत, पण आहेत… हो सर. आपण मांडलेली स्फटिकाची रचना चुकली. आपल्याला खोडून काढणारे ते लोक म्हणत होते तीच खरी… हसताय काय सर?… अहो, दम लागेल… सर, मला तुम्हाला एक… हॅलो?

काकू… हो, मलाही ऐकू आलं. किती दिवसांनी हसले, हो ना… नाही काकू. बरोबर निघालं म्हणून नाही हसले.

टोकं म्हणजे… आलेखातले उंचवटे हो. ती दोन नाहीतच, या भरवशावर सरांनी अख्खी रचना उभी केली होती… होती काकू, पहिल्यापासून होती. दिसली नाहीत. हे कण पत्त्यांसारखे चपटे असतात. साच्यात भरताना वरून काच दाबली की सगळे आडवे पडतात, एकच बाजू दाखवतात… हो, म्हणूनच सर बजावायचे, सैल भर, सैल भर…

कोणी दाबली म्हणजे?…

मी. मीच भरायचे ना तेव्हा… मला आपलं सगळं गुळगुळीत, नीटनेटकं लागायचं. अंगठ्यानं काच दाबायचे आणि वर स्वतःवरच खूश… बावीस वर्षांची होते हो… नाही, बरोबर आहे तुमचं. हे काही कारण नाही.

हो, भर सभेत हसले लोक त्यांना. मी मागच्या रांगेत होते… तीन दिवस जेवले नव्हते?… हे नव्हतं मला माहीत… परवा. शप्पथ, परवा ती बाटली पुन्हा हातात घेतली तेव्हाच लक्षात आलं माझ्या… सरांना कधीपासून संशय होता, काय ठाऊक. मला एका शब्दानं बोलले नाहीत कधी… तुम्हालाही नाही?…

काकू?… मी येऊ का तिकडे?… बरं, नाही येत…

अहो, गप्प नका ना राहू. वाटेल ते बोला, शिव्या द्या… काकू, ठेवू नका, निदान ओरडा तरी माझ्याव…