कागदावरचा भाऊ

हसणार नसाल तर सांगतो. चेन्नईच्या टी. नगरात मला ऑटोनं उडवलं, पाय मोडला. भरपाईच्या दाव्यासाठी हॉस्पिटलचे कागद वकीलबाईंना दिले, तर त्या एका पानावर थबकल्या.

"सर, दाखल करताना सही तुमच्या भावानं केलीय?"

"मला भाऊ नाही. चेन्नईत तर माझं कुणीच नाही."

"मग हा सेल्वम कोण?"

"अहो, तोच ऑटोवाला! नातेवाइकाची सही मागितली, म्हणून त्यानं दिलं ठोकून."

"आधी अर्ज करून हे नातं खोडून घ्या. नाहीतर विमावाले म्हणतील, भावाभावांनी मिळून रचलंय."

अर्ज लिहिला. महिना झाला, खिशातच आहे. हॉस्पिटलात आठ दिवस होतो. रोज इडली घेऊन भेटायला यायचा तो एकटा सेल्वमच.