मागच्या चाकानं जमीन सोडू नये

आम्ही मूळचे वारज्याचेच, म्हंजी वारजं गाव व्हतं तवाचे. आता आमच्या शेतात बिल्डिंगी हायेत आन् त्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या माझ्याकडं दुरुस्तीला येतात, तेवढं बरं. मला शेतीत गोडी नव्हती, वडील म्हणायचे याला बैल दिला तर हा त्याचे नटबोल्ट शोधत बसंल. मंग गॅरेज टाकलं. पुण्यात खड्डे आन् स्पीडब्रेकर हायेत तंवर शॉकअपवाल्याला मरण नाय, काय सांगू तुम्हाला, निम्म्या कोथरूडच्या कंबरा मी सांभाळतोय. थांबा हां, फोन वाजला का? नाय. तुमच्या गाडीला वेळ लागंल, तुम्ही बसा, मला आज बसवत नाय.

कोमल, माझी थोरली, खराडीला कंपनीत असती, कंप्युटरवर. तिला खूळ लागलं वेगाचं. वळायचं नाय, कुणाच्या पुढं जायचं नाय, मोकळ्या मैदानात एकटीनं सरळ रेषेत मोटरसायकल पळवायची आन् वेग मोजायचा. मी म्हटलं एवढ्यासाठी कच्छच्या रणात कशाला जायचं, तर म्हणती पप्पा, पुण्यात एक सरळ रस्ता दाखवा.

गाडी दोघांनी मिळून बनवली. इंजिन तिनं निवडलं, सांगाडा मी वेल्डिंग केला, आन् भांडणं सगळी मागच्या चाकावर. ती म्हणायची मागं शॉकअप नकोच, चाक सांगाड्यालाच घट्ट बसवा, गाडी बुटकी राहती, चेनचा ताण बदलत नाय, गाडी डोलत नाय. मी म्हणायचो अगं येडे, ती मिठाची जमीन लांबून सपाट दिसती, जवळ गेलं की खपल्याच खपल्या, चाक उडलं तर जोर लागणार कशाला? जेवताना तेच, चहा पिताना तेच. तिची आई म्हणायची, तुमच्या त्या चाकालाबी एक ताट वाढू का.

शेवटी माझ्या म्हणण्यानं शॉकअप बसवले. आन् आमची अक्कल बघा. माझी पद्धत हाय, शॉकअप बदलला की गिऱ्हाइकाला गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरनं पाठवायचं, परत आला की इचारायचं, कंबर काय म्हणती? मंग स्प्रिंग ढिली करत जायची, कंबर गप्प होईस्तवर. तेच केलं की आम्ही! कोमल जाती, येती, मी ढिली करतोय, ती परत जाती, आन् शेवटी म्हणाली पप्पा, काय कळलंच नाय. मी खूश, तीबी खूश. रणात स्पीडब्रेकर नसतो हे दोघांच्याबी डोक्यात आलं नाय.

रणात तिनं मूठ पिळली तशी गाडी मागं दबली, पुढचं चाक हलकं झालं आन् हँडल डावं-उजवं फेकायला लागलं. मला लांबून नुसता ठिपका दिसत व्हता. तो ठिपका वळवळला. तिनं सावरली, हळूहळू वेग उतरवत परत आली, हेल्मेट काढून म्हणती, पप्पा, कंबर मजेत हाय.

मंग तिनं बरोबर आणलेले लोखंडी दांडे शॉकअपच्या जागी लावले. तर चाक खपल्यांवर उडायला लागलं, इंजिन नुसतंच किंचाळतंय आन् वेग काय वाढंना. माझंबी चुकलं, तिचंबी.

घरी येऊन कडक शॉकअप लावले, बोटभरच हलणारे. तिला ते पटलं, पण म्हणती पप्पा, सांगाडा तुमचा हाय, तुम्ही हो म्हणाल तरच गाडी टेम्पोत चढंल. खरं सांगू, नाय म्हणायचं अगदी ओठावर आलं व्हतं. पावसात रण पाण्याखाली जातं, एवढा हंगाम हुकला की पुढच्या हिवाळ्यापत्तुर पोरगी घरात. भ्या वाटतं हो मला, लय भ्या वाटतं. पण चाक दाबून बघितलं तर बोटभर जातंय, परत येतंय, डोलत नाय. लेकीला खोटं कसं सांगू? म्हटलं बरोबर हाय, चढव.

मला मात्र येऊ नका म्हणाली. तुम्ही उभे असला की माझं ध्यान रेषेवर राहत नाय, म्हणाली. बरं म्हटलं. माझा शब्द तिच्याबरोबर गेलाय, म्हणून तर जीव थाऱ्यावर नाय सकाळधरनं. आज रणात तिची पहिली फेरी एव्हाना व्हायला पाहिजे व्हती. दोन गाड्या उघडून ठेवल्यात, एकीचाबी नट फिरवला नाय अजून. वेग किती लागला ते मी इचारणारबी नाय. कितीबी लागू दे माझ्या लेकीला, मागचं चाक जमिनीला धरून राहू दे, देवाला एवढंच मागणं.

वाजला बघा. नाय, तुम्ही घ्या, माझ्या हाताला ग्रीस हाय. ग्रीस नाय तसं, पुसलंय मघाशीच. पण तुम्हीच घ्या. आधी तिचाच आवाज हाय का बघा, मंग द्या माझ्याकडं.