पाळकसाहेबांची तेराशे चौदा उघडी कामं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय प्राचार्या मॅडम, व्यासपीठावरील कार्यालय अधीक्षक साहेब, सत्कारमूर्ती म्हणजे आपल्या चॅपलचे पाळकसाहेब, पहिल्या रांगेत पायाशी बॅग घेऊन बसलेल्या त्यांच्या थोरल्या ताई, सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी संगणक विभागात तंत्रज्ञ आहे. बोलणं हे माझं काम नाही. पण पाळकसाहेबांच्या आधीच्या दोन्ही निरोप समारंभांत जाणकारांची उत्तम भाषणं झाली, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाळकसाहेब उपासनेला हजर होते. म्हणून या तिसऱ्या समारंभात वक्ता बदलून पाहावा, असं ठरलं असावं.

मघाशी दारात ताई मला म्हणाल्या, "या वेळी तरी खरंच सोडणार ना गं त्याला? की पुन्हा नुसता चहा?" ताईंची नजर अधू होत चालली आहे. त्या एकट्या राहतात आणि दोन वर्षांपासून धाकट्या भावासाठी एक खोली झाडून ठेवतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

आपल्या महाविद्यालयात उपासनेच्या संधी भरपूर. रोज सकाळची प्रार्थना, बुधवारी वसतिगृहात शास्त्रपाठ, शुक्रवारी अर्धा तास मौन. परीक्षेच्या आठवड्यात चॅपलमध्ये बसायला जागा नसते. निकालानंतर हवी तिथे मिळते. चॅपलच्या दाराशी एक वही असायची. ज्याला प्रार्थना हवी, त्याने तिच्यात लिहायचं. तीन वर्षांपूर्वी मॅडमनी विचारलं, "दुरुस्तीच्या तक्रारी संगणकावर घेतो, मग प्रार्थना वहीत कशाला?" मी कामांच्या यादीत 'प्रार्थना' ही एक नोंद वाढवली. वर्णानुक्रमे ती 'पाणी' आणि 'फर्निचर' यांच्या मध्ये बसली.

पुढचं आपण सगळ्यांनी भोगलं आहे. घाईत बोट खाली-वर पडायचं. तिसऱ्या मजल्यावरचा नळ गळतो, ही तक्रार पाळकसाहेबांकडे गेली. त्यांनी ती सकाळच्या उपासनेत, वेदीसमोर, गंभीरपणे मांडली. शेवटच्या बाकावर प्लंबरकाका होते. ते उठले आणि पाना घेऊन वर गेले. 'आमेन' होईपर्यंत नळ बंद. त्या आठवड्यात उपस्थिती दुप्पट झाली. उलट, 'कशातच मन लागत नाही' असं लिहिणाऱ्या मुलीकडे, वॉर्डनबाईंना बरोबर घेऊन, सुतारकाका पोहोचले. दारातूनच म्हणाले, "बाळ, मोडलंय काय नेमकं?" ती आधी हसली, मग रडली. काकांनी स्टुलावर बसून तासभर ऐकलं आणि शेरा लिहिला: 'पाहणी केली. दोन दिवसांनी पुन्हा येतो.' ते पुन्हा गेलेही.

खरी अडचण पुढे आली. काम संपवताना यंत्रणा तीनच पर्याय देते: 'काम पूर्ण', 'काम शक्य नाही' आणि 'सामानाची प्रतीक्षा'. पाळकसाहेब माझ्या टेबलाशी आले.

"प्रार्थना मी केली. पण काम पूर्ण झालं, हे सांगणारा मी कोण?"

"मग 'शक्य नाही' लिहा."

"असं कसं लिहू, पोरी? नोकरी जाईल माझी!"

त्यांनी सगळीकडे 'सामानाची प्रतीक्षा' निवडलं. भांडार विभागाने लेखी विचारणा केली: कोणतं सामान, किती नग? पाळकसाहेबांनी उत्तर दिलं: 'वर कळवलं आहे.'

तीन वर्षांत अशी तेराशे चौदा कामं साठली. आणि ज्याच्या नावावर एकही काम उघडं आहे, त्याला कार्यमुक्त करता येत नाही. अधीक्षक साहेबांना दोष देऊ नये. विजेच्या तारा उघड्या टाकून कोणी जाऊ नये, म्हणून तो नियम आहे. मी पाळकसाहेबांना म्हटलं, एका आज्ञेत सगळी बंद करते, चार सेकंद लागतील. ते म्हणाले, "त्यातल्या एकीचा भाऊ अजून घरी परतलेला नाही. बंद कसं करतेस?"

मी कळफलकावरून हात काढला.

उघडं काम दुसऱ्याच्या नावावर देता येतं, पण घेणारा पात्र लागतो. प्रार्थनेसाठी यंत्रणा एकच पात्र नाव दाखवायची, पाळकसाहेबांचंच. असं का, हे गेल्या गुरुवारी मी शोधलं. पात्रतेच्या रकान्यात 'धर्मशास्त्राची पदवी' असं भरलेलं होतं. कोणी भरलं? मी. कोणाला विचारून? कोणालाही नाही. विजेच्या कामाला परवाना लागतो, तर प्रार्थनेला पदवी लागत असेल, असं मी गृहीत धरलं. ताई, तुमची दोन वर्षं त्या एका रकान्यात गेली. हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.

शुक्रवारी मौन संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठलं. "प्रार्थना करायला काय पात्रता लागते?"

"काही नाही," ते म्हणाले.

मी ते जसंच्या तसं रकान्यात भरलं. पडद्यावर सगळ्या महाविद्यालयाची नावं आली.

पाळकसाहेब आणि ताईंना सोडून या सभागृहात आपण दोनशे एकोणीस जण आहोत. प्रत्येकी सहा. विनंत्यांवरून लिहिणाऱ्यांची नावं मी पुसली आहेत. कोणाची स्वतःचीच विनंती त्याच्याकडे आली असेल, तर ती बदलून मिळणार नाही. कृपया फोन काढा आणि 'स्वीकारलं' दाबा. 'कृपया' हे सौजन्य म्हणून. ताईंची गाडी खाली उभी आहे.

मागच्या पडद्यावर आकडा दिसतो आहे. नऊशे. सहाशे बारा. प्लंबरकाका विचारतायत, 'पूर्ण' कधी लिहायचं? काका, लिहायचं नाही. रोज वाचायचं. अधीक्षक साहेब, चष्मा लावून नीट वाचताय हे छानच, पण वाचून झाल्यावर दाबा. बारा. सहा.

मॅडम, उरलेली सहा तुमची आहेत.

मॅडम विचारतायत, "मला जमेल का गं?" मॅडम, पात्रता काही नाही.

शून्य. अधीक्षक साहेब, सही इथे.

ताई, थांबा, आभार राहिलेत. पाळकसाहेबांसाठी चार चांगले शब्द मी लिहून आणले होते, ते... बरं, नका थांबू. जिना उतरताना त्यांचा हात धरा. म्हणजे कोणीही कोणाचाही धरा.

सत्कारमूर्ती गेल्यामुळे ते चार शब्द मी वाचत नाही. अध्यक्षांचे, अधीक्षक साहेबांचे आणि सहा-सहा ओझी मुकाट्याने उचलणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर आपण सांभाळून घ्यालच. रकान्यात जे चुकलं, त्याची माफी मात्र ज्यांच्याकडे मागायची, त्या आता गाडीत बसतायत. गाडी सुटायच्या आत मी खाली जाऊन येते.