बिनपावसाचा गंज

...न्हाई, तुमीच सांगा मला, गंज कशानं चढतो? पान्यानं. बरोबर? मग आमच्या गेवराईत पानी हाय का? नळाला आठवड्यातनं एकदा धार येती, ती बी रुसलेल्या पावन्यावानी उंबऱ्यातनंच माघारी जाती. प्यायला पानी न्हाई, अन् माझ्या फियाटला गंज! मुंबईच्या गाडीला चढला तर मानूस म्हनंल, चला बाबा, तितं दर्या हाय. आमाला कोनता दर्या हाय हो?

तुमाला सांगतो, मी रुद्रप्पा, किराना दुकानदार. भावाच्या घासाघिशीत कुनाला हार गेलो न्हाई, पर ह्या तांबड्या भुकटीपुढं हात टेकले. गाडी हौसेनं घेतली, जुनीच, पर लई नेटकी. अन् घेतली तवाच माझी थोरली, ईश्वरी, बीडच्या दवाखान्यातनं ह्याच गाडीत घरी आली, माझ्या मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेली. त्या खुशीत मी चार लोकांत बोलून गेलो की पोरगी आली ह्या गाडीत, अन् सासरीबी ह्याच गाडीत जाईल. बोलायला काय जातंय? पर पोरीनं ते धरून ठेवलं! औंदा तिचं लग्न ठरलं, शिरूर कासारच्या विश्वेश्वर आप्पांच्या रविसंगं, अन् पोरगी म्हनती, "बाबा, मी दुसऱ्या गाडीत बसनारच न्हाई." आता बोला!

तवर इकडं बाजार खुला झाला म्हनं. ज्याच्या त्याच्या माळवदावर डिशची छत्री, अन् पुढाऱ्यांची पोरं सोललेल्या अंड्यावानी गुळगुळीत गाड्या घेऊन फिरायलेली. माझी गाडी दिसली की काच खाली करून म्हनायचे, शेठ, कशाला ठेवलंय हे भंगार, टाका की फेकून. अन् मी? मी त्यांना चहा पाजायचो. दुकानदार मानूस, करतो काय!

झालं काय, दाराच्या खालच्या अंगाला रंगात एक फोड आलता. बारीक, मसुराएवढा. मी म्हनलं बगू तरी, म्हनून बोटानं दाबला, अन् बोट आत गेलं! सगळं बोट! बाहेर काढलं तर पत्र्याचा पापड बोटासंगं आला. मग काय, ज्यानं त्यानं औषध सांगितलं. एक म्हनला राकेलनं पूस, पुसलं. दुसरा म्हनला करडीचं तेल चोळ, चोळलं, बाळंतिनीला चोळत नसतील असं चोळलं. तिसरा म्हनला खालनं जळकं ऑईल मार, गंज फिरकनार न्हाई. मारलं. त्याच्यावर गेवराईचा समदा फुफाटा येऊन बसला, गाडी खालनं सारवल्यावानी झाली, अन् गंज त्या सारवनाच्या आत मजेत! प्यायला पानी न्हाई, अन् माझ्या फियाटला गंज!

शेवटी गाड्यांचा पत्रा ठोकनारा डेंटर गाठला. बंकट नाव त्याचं, हायवेच्या कडंला त्याचं पत्र्याचं शेड हाय. त्यानं गाडी बघितली, पुढनं बघितली, खाली पालथा पडून बघितली, पॉलिश पेपरनं एका जागी घासून बघितली, अन् जिथं घासलं तितनं पलीकडची बाभळ दिसाया लागली. उठला, हात झटकले, म्हनला, "मालक, गंज काढू नका. त्यानंच गाडी धरून ठेवलीय."

म्हनलं बंकट, पोरीला ह्याच्यात वाटं लावायचीय, काय बी कर. तर त्यानं सडका पत्रा कापला अन् माझ्याच दुकानातले रिकामे तेलाचे डबे फाडून ठिगळं मारली. गाडीखाली वाकून बघितलं तर 'शुद्ध शेंगदाना तेल' असं वाचता यायचं. वरनं तांबडा ऑक्साइड, त्यावर पुट्टी, मग घासाघीस, मग मरून रंग. अहाहा... गाडी अशी दिसली की मीच तिला आवो-जावो करायलो. अन् महिनाभरात, त्याच दारावर, त्याच जागी, पुन्हा फोड! प्यायला पानी न्हाई... जाऊ द्या, तुमालाबी पाठ झालं आता.

बंकटचं डोस्कं फिरलं. त्यानं दाराचं आतलं पुट्ठ्याचं अस्तरच उपसलं. तर दाराच्या पोकळीतनं पडल्या की वो पुरचुंड्या! काळ्या कापडाच्या, घट्ट गाठ मारलेल्या, वल्ल्या गिच्च. एक सोडली. खडे मीठ! दुसरी, मीठ! डिकीत मीठ, शिटाखाली मीठ, माझ्याच दुकानातलं! हे कुनाचं काम ते सांगायला का जोतिषी लागतो? आमची माय, दानम्मा. दर अमावस्येला गाडीची नजर उतरायची अन् ते मीठ गाडीतच दडवायची, गाडी राखन्यासाठी. अन् गंज वाढला तसा तिला वाटलं, लोकांची नजर वाढली. म्हनून मीठबी वाढवलं! मी बाहेरनं औषध लावायलो अन् माय आतनं रोग भरायली.

घरी गेलो, म्हनलं माये, मीठ लोखंडाला खातं गं. ती ज्वारी निवडत हुती. मान वर न करता म्हनली, "तुझी तर जन्मल्यापसनं मिठानंच नजर काढली. तू कुठं गंजला?"

मी डोक्यावरनं हात फिरवला. केस गेले, गुडघे करकरायले, एक दाढ हालायली...

तर लग्न झालं. पाठवनीला गाडी मांडवापुढं उभी केली, हार घातले, अन् बंकट जावयाला कानात सांगायलेला, दार आपटू नका, पाय जोरात टेकू नका, खड्डा आला की उगं देवाचं नाव घ्या. ईश्वरी बसली. तिनं काचेतनं माझ्याकडं बघितलं, अन् तुमाला खोटं कशाला सांगू, मी रडलो. बायामानसांत, मोठ्यानं रडलो. दुपट्यातली पोरगी हो... ह्याच शिटावर!

पोचली. पोचली म्हनायचं. शिरूरच्या अलीकडं खालचा पत्रा निघून पडला, तर पोरीनं हळदीचे पाय शिटावर घेतले अन् पायाखालनं रस्ता पळताना बगत सासर गाठलं. जावई म्हनाल तर वाटभर दार हातानं धरून बसलेला. पर मी म्हनलं, जाऊ दे. शब्द पाळला. पोरगी त्याच गाडीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगतो तर गाडी माघारी! ट्रॅक्टरला दोरानं बांधून, अन् पुढं व्याही विश्वेश्वर आप्पा, हात जोडलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. म्हनले, "रुद्रप्पा, तुमी सोन्यासारखी लेक दिली, आमी भरून पावलो. हुंडा आमाला नको. मोटार ठेवा तुमची."

हुंडा? अहो आप्पा, हुंडा कुनी दिला, ती फकस्त सोडायला आलती! ऐकतो कोन? त्यांनी तवर गावभर सांगून ठेवलेलं. समाजानं शिरूरला मोठा मांडव घातला, दारात आलेली मोटार परत करनारा मानूस म्हनून शाल दिली, नारळ दिला. प्रमुख पावना कोन? मी! पुराव्याला म्हनून गाडीबी नेली, मांडवापुढं लावली. लोकं यायचे, गाडीकडं बगायचे, अन् व्याह्याच्या पाया पडायचे. मी टाळ्या वाजवल्या. काय करता? दोन शब्दबी बोललो, अन् गाडी घेऊन माघारी आलो.

आता धाकटी लग्नाची झालीय, शिवकन्या. स्थळं लई येत्यात, पर जो तो उंबऱ्यातनं गाडी बगतो अन् छाती काढून म्हनतो, आमाला बी काय नको, आमी आप्पांच्या वाटंनं जानारे. गाडी काय दारातनं हलंना, म्हनून तुमाला हात जोडून ईच्यारतो, तुमच्या पावन्यारावळ्यात एखादा हुंडा घेनारा हाय का हो? शिकलेला नसंल तरी चालंल, सुधारलेला तर अजिबातच नको... मुकाट्यानं गाडी घेऊन जानारा पायजे.