कुंडीतल्या चिंचेचा शेंडा

“हॅलो? … कोन? … कारभारी? अरे मंग मोठ्यानं बोल की, असा दबून काऊन बोलून राह्यला? … जेठमलशेठच्या दुकानातून? बरं, बोल. … हो, रविवारी येऊन राह्यलो ना मी. … येऊ नको? काऊन?”

रामकिसन उशीला टेकून पलंगावर बसला होता. मार्गशीर्षात एमआयडीसीतून घरी येताना एका टेम्पोनं त्याची स्कूटर उडवली आणि मांडीचं हाड मोडलं. प्लॅस्टर निघालं ते कालच. निघाल्या निघाल्या यानं जाहीर करून टाकलं की रविवारी राजूरला जायचं. आता धाकटा भाऊ कारभारी राजूरला राहतो, तेव्हा लोकांना वाटावं भावाला भेटायला निघालाय. जुन्या जालन्यातल्या त्याच्या गल्लीत मात्र कोणाचाही असा गैरसमज नव्हता. तो निघाला होता चिंचेला भेटायला.

चिंच म्हणजे एकोणीस वर्षांची, दोन वीत उंच, पसरट कुंडीतली. बियाण्याच्या कारखान्यात नोकरीला लागला त्या साली कंपाउंडच्या भिंतीत उगवलेलं रोप त्यानं उपटून आणलं होतं. पाय मोडल्यावर गच्चीवर चढून पाणी घालणार कोण? बायकोचे, पुष्पाबाईचे, गुडघे धरलेले. म्हणून कुंडी राजूरला धाडली. कारभारीची मोसंबीची तीनशे झाडं, त्याला झाडाबिडातलं कळतं, असा रामकिसनचा हिशेब.

“अरे, येऊ नको म्हणजे? पाव्हणे आले का? … रस्ता खराब आहे? तुझ्या राजूरचा रस्ता चांगला कधी होता? … कारभारी. चिंच कशी आहे, ते सांग.”

तिकडून देवळातली घंटा ऐकू येत होती, दुकानात कोणी तरी साखर मागत होतं, तेवढंच.

“बोल ना. … हां. … हां. … काय दिला म्हणला? … ताण?”

मोसंबीवाल्यांच्या मुलखात ताण शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. पौषात बागेचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडेपर्यंत, गळेपर्यंत झाडाला तहानेलं ठेवायचं. झाड घाबरतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातं. पण ते जमिनीत पाय रोवून उभ्या असलेल्या झाडाचं काम.

“किती दिवस? … एकवीस. … थांब, मला बोलू दे. त्या कुंडीत माती किती? तीन बोटं. एक दिवस पानी चुकलं तर मला रात्री झोप येत न्हाई, आन तू एकवीस दिवस… कोन सांगितलं होतं तुला? … काय लागाव्या म्हणून? … चिंचा?”

एकोणीस वर्षांत त्या झाडाला चिंचेचं एक बोटुक लागलेलं नव्हतं. कारभारीच्या मनात आलं, दादा बिचारा मोडक्या पायानं येईल, आणि एवढ्याशा झाडाला चिंचा लटकलेल्या बघून खूश होईल. रामकिसनच्या तोंडाशी आलेली शिवी हे ऐकून घशातच राहिली. भाऊ वाईट असता तर बरं झालं असतं.

“पुढं सांग. सगळं सांग, काही मागं ठेवू नको. … मुळ्या उघड्या केल्या. खुरप्यानं. … आन? … तोडल्या? किती? … जाड का बारीक? … तुला याद न्हाई. बरं. … पानं? … एकबी राह्यलं न्हाई. … पौषातली गोष्ट ना ही? आन मी दर आठ दिवसाला फोन करून राह्यलो, तर तू म्हणतो मजेत हाये, दादा, मजेत.”

पुष्पाबाई दारात येऊन उभी होती. तिनं हातानंच विचारलं. रामकिसननं रिसीव्हरवर तळवा धरून सांगितलं, “गेली आपली चिंच.” ती पलंगाच्या कडेला बसली. या झाडावरून तिनं नवऱ्याला आयुष्यभर टोमणे मारले, पण तिलाही वाईट वाटलं. रामकिसनला तर रडूच येत होतं, आणि पन्नाशी ओलांडून झाडापायी रडतो याची लाजही वाटत होती.

“बरं, आता काय. कुंडी तेवढी धुऊन ठेव, रविवारी… काय? … थांब, थांब. फुटली म्हणजे? … फुटवे? कुठं? शेंड्याला का बुडाला? … अरे तुला तिथून कसं दिसंल, झाड मळ्यात आन तू दुकानात. … घेऊन आला? … शेठच्या गल्ल्यावर ठेवलं? … लोकं बघून राह्यले? बघू दे. बोटं लावून मोज. बुडापासून किती वर? … चार बोटं. … दोन हायेत. … पानं उघडली? … कारभारी, देवाशपथ सांग.”

उघडली होती. बोटबोट लांबीचे दोन फुटवे, अगदी जुन्या खोडातून, आणि ज्या जागी रामकिसनला हवे होते नेमके तिथं.

इथं जरा मागचं सांगायला पाहिजे. बारा वर्षांपूर्वी रामकिसन औरंगाबादला चार रविवार बोन्सायच्या क्लासला गेला होता. तिथल्या बाईंनी चिंच बघितली आणि खोडाच्या मध्यावर लाल दोरा बांधून दिला. इथून काप म्हणाल्या. शेंड्याला सगळं खायला मिळतंय तोवर बुड कशाला फुटेल? रामकिसन हो म्हणून घरी आला. कापलं मात्र नाही. आज अमावस्या, उद्या ऊन फार, परवा थंडी. दोरा कुजला की नवा बांधायचा, असे चार दोरे झाले. मिशा कापायच्या कात्रीनं तो पानांची टोकं तेवढी कातरायचा. बाळाची नखं काढतात तसं चाललंय, असं पुष्पाबाई म्हणायची. दोनदा माती बदलली तर दोन्ही वेळा यालाच ताप आला. झाड जगलं, पण शेंडा सुतासारखा वर गेला आणि खाली उघडं खोड आणि नावाला एक आडवी फांदी. आपल्याला झाड आवडतं म्हणून आपण हात लावत नाही, असं तो लोकांना सांगायचा. खरं कारण भीती होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं.

जे बारा वर्षांत त्याच्यानं झालं नाही ते या आडदांड भावानं अडाणीपणात करून टाकलं होतं. हे कबूल करायची मात्र त्याची बिलकुल तयारी नव्हती.

“नशीब समज तुझं. मेलीच होती ती. … काय घालू म्हणतो? … शेणखत? न्हाई. … डीएपीबी न्हाई. अरे मोसंबी न्हाई ती, आजारातून उठलेल्या मानसाला पुरणपोळी देतो का तू? … हां, ऐक. सावलीत ठेव. पानी सकाळी घोटभर. आन हात लावायचा न्हाई. पाडव्यापर्यंत खुरपं न्हाई, खत न्हाई, छाटायचं सिकेटर न्हाई. तुझा हात लई चालतो. … हो, माझा चालत न्हाई, ठाऊक आहे मला. ते तू सांगू नको.”

मग त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली.

“शेंड्यावर काय आहे? … तीन नवी पानं. कशी? … पिवळी. … नखानं साल खरवड जरा. दोऱ्याच्या खाली. … हिरवं. … आता वर. … फिकं.”

म्हणजे झाडात होती नव्हती ती ताकद अजून वर चालली होती, आणि खालचे दोन फुटवे उरल्यासुरल्यावर जगत होते. रविवारपर्यंत थांबलं तर आपण जाऊ, कुंडी मांडीवर घेऊ, भिंगातून बघू, आणि पाचवा दोरा बांधून परत येऊ. रामकिसन स्वतःला चांगला ओळखत होता. त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. पुष्पाबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती.

“आहे, आहे, इथंच आहे मी. … सिकेटर आहे का जवळ? … खिशात. वाटलंच मला. … पुसून घे. लाल दोरा दिसतो? बराबर दोऱ्यावर काप. तिरका. … हो, पुरा शेंडा. … मीच सांगून राह्यलो, दुसरं कोन सांगंल? … पन एकच काप, कारभारी. एकच. मंग ते सिकेटर मिटायचं आन पाडव्यापर्यंत बाहेर काढायचं न्हाई. कबूल? … रिसीव्हर जवळ धर.”

त्यानं डोळे मिटले. तिकडं कट्ट असा बारीक आवाज झाला. पुष्पाबाईलाही तो ऐकू आला.

“पडला? … वीतभर. … कापलेल्या जागी घरी जाऊन बोर्डो पेस्ट लाव, मोसंबीला लावतो तसं. … कसं दिसतं आता? … जेठमलशेठ काय म्हणतात? … झाडासारखं दिसतं म्हणतात. हां.”

काही झालं नाही. घर पडलं नाही, ताप आला नाही. बारा वर्षं ज्याची धास्ती घेतली ते एका सेकंदात होऊन गेलं होतं, आणि रामकिसनला एकदम मोकळं वाटलं. इतकं मोकळं की तो उशी सोडून ताठ बसला.

“कारभारी, ऐक ना. ती डाव्या अंगाची आडवी फांदी आहे ना, जुनी… हां, तीच. तिला अर्ध्यातून घे. … आन दोन फुटव्यातला एक लहान आसंल, तोबी. … अरे हात लागलाच आहे तर एकदाच होऊन जाऊ दे. आन मुळ्या बघ जरा कुंडीच्या कडंला… काय? … न्हाई म्हणजे? … झाड माझं आहे, मी सांगून राह्यलो. … कोन म्हणलं एकच? … ते मी म्हणलो, पन… हॅलो? … हॅलो?”

फोन बंद. धाकट्या भावानं त्याच्या आधी फोन ठेवायची ही पहिलीच वेळ. रामकिसननं घाईघाईनं दुकानाचा नंबर फिरवला.

“हॅलो, जेठमलशेठ? रामकिसन बोलून राह्यलो. कारभारीला द्या जरा. … गेला? … कुंडी डोक्यावर घेऊन. … सिकेटर हाये ना त्याच्याजवळ? … तुमच्याकडं ठेवून गेला? … बरं. मंग असं करा, रविवारी मी येतो, तेव्हा ते मला… आं? … पाडव्यापर्यंत कोनालाच द्यायचं न्हाई म्हणला? … दादानं मागितलं तरी?”

पुष्पाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

“… न्हाई शेठ, राग कशाचा. बराबरच म्हणला तो. … हां, जपून ठेवा. … न्हाई, मला नका देऊ. ठेवतो.”

आणि रामकिसननं रिसीव्हर ठेवला.