नदीच्या दोन काठांचे रेडिओ

(जेवणाच्या टेबलावर दोन जुने रेडिओ शेजारी शेजारी, एक करडा आणि एक हिरवा. सकाळचे दहा वाजत आलेत.)

नवरा : ...आणि आमच्या करड्याची ही तबकडी बघ. एक टिचकी मारली की काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत जातो. आत पितळेचं जड चाक आहे. तुमच्या हिरव्याला आहे असलं काही?

बायको : नाही बाई. आमच्या हिरव्याला काटा ओढायला आपला दोरा. पण तो मी स्वतः ओवलाय, आणि चाळीस वर्षांत तुटलेला नाही.

नवरा : दोरा! नदीच्या अलीकडच्या तुमच्या कारखान्याला दोऱ्यापुढे काही सुचलंच नाही.

बायको : आणि पलीकडच्या तुम्हा लोकांना वजन कमी करणं सुचलं नाही. दोघांनी मिळून उचलला तुमचा करडा, तरी माझी कंबर अजून त्याचं नाव घेतेय.

नवरा : अगं, वजन म्हणजे दणकटपणा. सकाळी लावलेलं स्टेशन संध्याकाळी जागच्या जागी सापडतं. केसभर हलत नाही.

बायको : ते मात्र कबूल. आमच्या चाचणी विभागात एकदा तुमचा करडा उघडला होता आम्ही. साहेब म्हणाले, खोट काढा. सगळ्याजणी दुपारपर्यंत त्यात डोकं घालून बसलो. शेवटी मीच म्हटलं, साहेब, यातलं तारांचं झाळकाम बघून आपलीच लाज वाटते.

नवरा : हे कधी बोलली नाहीस मला!

बायको : आपलं लग्न ठरत होतं तेव्हा. आधीच काय कमी फुगला होतात? बरं, रविवारी रेडिओ क्लबच्या प्रदर्शनात दोन्ही मांडायचे, तर कुठला जास्त स्वच्छ ऐकू येतो ते पाटीवर खरं लिहू. एरियल एकच, हेडफोन एकच. दहाला तुमचे मित्र मास्तर येतीलच मोर्सवर, रोजच्यासारखे. तुम्ही उतरवून घ्या.

नवरा : तूच घे की. मला काय, रोजचंच आहे.

बायको : तुमच्याइतक्या झपाट्यानं मला नाही जमत. हं, बसा. आधी करडा.

नवरा : ...झालं. घे.

बायको : ‘नमस्कार. आकाश मोकळं. तब्येत बरी. गुडघा तसाच.’ अक्षर मात्र मोत्यासारखं हं तुमचं. आता हिरवा.

नवरा : ...छे. तुझ्या हिरव्यात नुसती खरखर. पाटीवर लिहून टाक तसं.

बायको : असं कसं होईल? द्या इकडे हेडफोन... अहो.

नवरा : काय?

बायको : खणखणीत येतायत मास्तर. थांबा, करड्यावर लावून बघते... इथं तर त्याहून स्वच्छ. पण तुम्ही लिहिलंय त्यातलं एक अक्षरही नाही यात.

नवरा : मग काय पाठवतोय तो?

बायको : ‘तीन महिने झाले. तुझं उत्तर नाही. माझं काही चुकलं का?’ तेच परत परत पाठवतायत. तुम्ही तर मला सांगता, मास्तरांशी रोज बोलणं होतं. अहो, कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?

नवरा : थंडीपासून. आधी वाटलं, रेडिओचा व्हॉल्व्ह गेला. एकेक करून सगळे बदलले. मग लक्षात आलं, व्हॉल्व्ह माझाच गेलाय. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेले. दारावरची बेल नाही, पाखरं नाहीत. तू बोलतेस ते येतं.

बायको : नशीब तुमचं. पण मला सांगायला काय झालं होतं?

नवरा : जन्मभर कानाच्या जोरावर नोकरी केली मी. अख्ख्या कारखान्यात सूर जुळवायला मला बोलवायचे. आता मास्तरला काय कळवू, की तू बोलतोस आणि मी भिंतीकडे बघत बसतो?

बायको : खालचे सूर येतात ना?

नवरा : येतात. रस्त्यावरून ट्रक गेला की कळतं.

बायको : मग इकडे या. हे हिरव्याचं सुराचं बटण.

नवरा : हे? यावर हसायचो आम्ही. करड्यात सूर एकच, कारखान्यातून पक्का बांधून दिलेला. ज्यांना बांधता येत नाही ते गिऱ्हाइकाच्या हातात बटण देतात, म्हणायचो.

बायको : हसा. आमच्या विभागात एक बाई होती, तिचे कान तुमच्यासारखेच. प्रत्येकाचा कान वेगळा, साहेब, असं म्हणून तिनं पार मालकांपर्यंत भांडून हे बटण करून घेतलं. घाला हेडफोन. मी सूर खाली आणते. आता?

नवरा : खरखर.

बायको : आता?

नवरा : काहीच नाही. राहू दे गं.

बायको : राहू दे काय? अजून खाली जातो तो. आता?

नवरा : भुंगा... लांब कुठेतरी भुंगा... थांब! हात काढू नकोस! ‘चुकलं का’... मास्तरच! त्याचा तो लंगडा हात, शेवटचं टिंब ओढतो तो! अगं बायांनो, काय बटण करून ठेवलंयत तुम्ही!

बायको : अहो, हळू. शेजारी धावत येतील.

नवरा : येऊ देत. कोपऱ्यातला ट्रान्समीटर तापलाय का बघ. आणि ती मोर्सची कळ सरकव इकडे.

बायको : आधी दम खा, घाईनं कळ मारू नका. मास्तरांना वाटेल, दुसरंच कुणीतरी आलं.

नवरा : तो ओळखेल... हं. पाठवलं. कान गेले होते, राग नव्हता, म्हटलं.

बायको : काही येतंय का?

नवरा : येतंय, येतंय. मला शिव्या देतोय. वा, काय स्वच्छ येतायत!

बायको : आणि आता?

नवरा : आता विचारतोय, ऐकू येत नाही म्हणतोस, तर आज रेडिओ कुठला लावलायस?

बायको : मग काय कळवलंत?

नवरा : बायकोचा.